नाव टाकतो, तू बोलू नकोस

मनुस्मृती आपण जाळली. २५ डिसेंबर १९२७, महाड. आपल्या वस्तीतल्या चौथीच्या पोरालाही ही तारीख पाठ असते. पण त्या जाळलेल्या पुस्तकाचं एक पान माझ्या वर्गात अजून शाबूत आहे, आणि ते मला वाचून दाखवणारे कुणी भटजी नाहीत. माझे मित्र आहेत. त्यातले दोघे तर आपलेच, जयंतीला निळा फेटा बांधून पुढं नाचणारे. म्हणून हे लिहितोय. परक्यानं म्हटलं असतं तर भांडून मोकळा झालो असतो.

ते पान असं आहे. नवव्या अध्यायात बापाच्या मिळकतीची वाटणी चाललीय. मनू सांगतो की नपुंसक, पतित, जन्मापासूनचा आंधळा, जन्मापासूनचा बहिरा, वेडा, मंदबुद्धी, मुका आणि ज्याचं कुठलंही इंद्रिय चालत नाही असा कुणीही, या सगळ्यांना हिस्सा नाही. त्याचा शब्द आहे अनंश. ज्याला अंश नाही तो. आणि लगेच पुढच्याच श्लोकात सांगतो की या माणसांना अन्नवस्त्र मात्र द्यायचं, ऐपतीप्रमाणे, मरेपर्यंत. जो देणार नाही तो पतित.

दोन्ही हुकूम शेजारी शेजारी ठेवून बघा. दया सक्तीची, हिस्सा बंद. मनूला आपण नुसता क्रूर म्हणतो तेव्हा त्याला फार सोपा करून टाकतो. तो दयाळूही आहे, आणि त्याची दया हाच त्याचा बंदोबस्त आहे. पोटाला घाल, म्हणजे वाटा मागणार नाही.

महाडनंतर दुसऱ्याच वर्षी, १९२८ साली, सरकारनं कायदा करून हिंदू वारसाहक्कातली ही आडकाठी काढली. तीही सगळ्यांची नाही. जन्मापासून वेडा किंवा मंदबुद्धी असेल त्याला त्या कायद्यानंही बाहेरच ठेवलं. १९५६ च्या वारसा कायद्यात शेवटी लिहिलं गेलं की रोग, व्यंग, विरूपता यांमुळं कुणाचा वारसा जाणार नाही. शेतीघराच्या वाटणीचा प्रश्न कागदावर तिथं मिटला. आमच्या बापजाद्यांकडं वाटून घ्यायला फारसं काही नव्हतंच, ही गोष्ट वेगळी.

आता वर्गात या. एम.ए.ला प्रत्येक पेपरला इंटर्नलचे मार्क असतात आणि त्यातला एक तुकडा ग्रुप प्रेझेंटेशनचा. आमच्याकडं पाच जणांचा गट, पंधरा मिनिटं, पडद्यावर पीपीटी, शेवटी वर्गाचे प्रश्न. मार्क गटाला मिळतात, माणसाला नाही. मला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही, उजव्या कानात मशीन आहे. सहा वर्षांचा होतो तेव्हा मेंदूज्वर झाला. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. म्हणजे मी जन्मबधिर नाही, पण मनूकडं त्याची सूट नाही. इंद्रिय चालत नाही या कलमात मी बसतोच. पहिल्या प्रेझेंटेशनच्या वेळी गटातल्या मित्रानं माझ्या खांद्यावर हात ठेवून, तोंड माझ्यासमोर आणून, नीट सावकाश सांगितलं: "पहिल्या स्लाइडवर तुझं नाव टाकतो. मार्क सगळ्यांना सारखेच पडतात. तू बोलू नकोस, टेन्शन घेऊ नकोस."

अन्नवस्त्र मिळेल. अंश नाही.

यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलं. पोरगा चांगला आहे, त्याच्या मनात पाप नाही. फुकट मार्क मिळतायत, घे आणि गप बस. पण मार्क ही कशाची तरी मजुरी आहे असं आपण मानतो की नाही? मानत असू, तर काही न करता मिळालेले मार्क म्हणजे भाकरतुकडा. आणि मी रात्रभर जागून सगळी टिपणं काढली, पीपीटी रचली, आणि बोलले ते, तर ते काय? ते तर येसकराचं काम. राबायचं आपण, मान त्यांचा. महारवतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. पाळी लावायची सवय गेली नाही. मला नेहमी दोनच जागा दाखवल्या जातात, दारात वाट बघणाऱ्याची किंवा पडद्यामागं राबणाऱ्याची. ओसरीवर बसून मसलत करणाऱ्याची जागा कुणी दाखवत नाही.

मसलतीबद्दलही मनू बोललाय. सातव्या अध्यायात. राजानं खलबताला बसताना मूढ, मुके, आंधळे, बहिरे, पशुपक्षी, म्हातारे, बायका, म्लेंच्छ, आजारी आणि व्यंग असलेले यांना तिथून हाकलावं, कारण ते मसलत फोडतात. आमच्या गटाची मसलत कॅण्टीनमध्ये होते. मला कुणी हाकलत नाही. फक्त पाचही जण एकदम बोलतात.

इथं थोडं कानाबद्दल सांगावं लागेल, कारण ऐकू येणाऱ्यांना वाटतं की मशीन घातलं की झालं, चष्म्यासारखं. तसं नसतं. मशीन आवाज मोठा करतं, सगळेच आवाज. खुर्ची सरकली, पंखा घरघरला, कपबशी आदळली, सगळं एका मापानं कानात येतं आणि त्यात माणसाचं बोलणं बुडून जातं. मग ओठ वाचायचे. ओठांवर पाप, बाप आणि माप हे तीन शब्द अगदी एकसारखे दिसतात. कोणता ते संदर्भावरून ठरवायचं, आणि ते ठरवेपर्यंत बोलणारा दोन वाक्यं पुढं गेलेला असतो. खिडकीकडं पाठ करून बसलेल्या माणसाचं तोंड उजेडाच्या उलट बाजूला काळं होतं. त्याचं काही वाचता येत नाही. दोन तास असं ऐकलं की डोकं दगड फोडल्यासारखं दुखतं. व्हॉट्सॲपवर गट झाला तेव्हा मला वाटलं सुटलो, लिहिण्यात मी कुणाला हार जाणार नाही. आठवड्याभरात सगळे व्हॉइस मेसेज टाकायला लागले. लिहायचा कंटाळा. कुणी ठरवून केलं नाही. ठरवून कुणीच काही करत नाही, हीच तर या व्यवस्थेची खुबी आहे.

आपल्या देशातल्या विद्येला श्रुती म्हणतात. ऐकलेली. ज्यानं ऐकलं तो ज्ञानी. ज्यानं ऐकू नये अशी इच्छा होती त्या शूद्रासाठी गौतम धर्मसूत्रात शिक्षा आहे: वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा हात आपोआप उजव्या कानाकडं गेला. आमच्या कानांवर किती लक्ष होतं यांचं! पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ऐकण्याची बंदी, त्यांच्यातल्या एकाला आज विद्यापीठात विचारलं जातं, तुला ऐकू येत नाही तर तू इथं कसा?

पण नुसतं तिकडंच बोट दाखवून भागणार नाही. आपल्या चळवळीशीही माझं भांडण आहे, आणि ते या पानांवर नाही मांडायचं तर कुठं? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक काढलं. ज्यांना बोलू दिलं नाही ते मूक. त्या शब्दानं माणसं उभी राहिली, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण नंतर आपल्या कवितेत काय झालं बघा. सरकार बहिरं, न्याय आंधळा, समाज पांगळा, संसद मुकी. दर दोन पानांआड आमची शरीरं शिवी म्हणून वापरलेली. दलित हा शब्द शिवी म्हणून वापरला तर आपण दाताखाली धरतो. बहिरं सरकार म्हणताना कुणाच्या मनात येत नाही की श्रोत्यांत एक बहिरा बसलाय. (त्याला ऐकू येत नाही म्हणून बरं.) सरकार बहिरं नाही हो. सरकारला सगळं ऐकू येतं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करतं, आणि ते फक्त ऐकू येणाऱ्यालाच जमतं. भगतसिंगांनी ८ एप्रिल १९२९ ला असेंब्लीत बॉम्ब टाकला, तेव्हाच्या पत्रकात बहिऱ्यांना ऐकवायला मोठा आवाज लागतो अशा अर्थाचं होतं. त्या माणसाच्या हौतात्म्यापुढं मी लहान आहे, पण एवढं सांगतो की बहिऱ्याला मोठा आवाज लागत नाही. उजेड लागतो आणि समोर तोंड लागतं.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के. हा फरक कुठून येतो ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मला तालुक्याला न्यायला गाडी मिळत नव्हती.

माझ्या बोलण्याचं सांगतो. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यानं माझे उच्चार घसरतात. श आणि स एक होतात, शब्दाची शेवटची अक्षरं गळतात. ण तर ओठांवर दिसतच नाही, मग तो न होतो. पाणीचं पानी. आता गंमत अशी की आमच्या वस्तीतही पानीच म्हणतात. पहिल्या प्रेझेंटेशनला मी हट्टानं बोललो. माझं पानी ऐकून मागच्या बाकावरची पोरं हसली. बाईंनी त्यांना दटावलं, "हसू नका, त्याला ऐकू येत नाही." पोरं लगेच गप्प झाली, चेहरे गंभीर. मी विचार करत बसलो. माझा न बहिरेपणाचा निघाला म्हणून माफ झाला. वस्तीचा असता तर? शेजारी माझ्याच गटातला मित्र उभा होता. तो ठणठणीत कानांचा, पण त्याचाही न वस्तीचाच. त्याला कोण माफ करणार? मला दया मिळाली आणि त्याला हसू, अक्षर एकच. बाईंनी मला वाचवलं ते त्याच्यापासून वेगळं काढून. गुणपत्रिकेत उच्चार, आवाज, आत्मविश्वास, श्रोत्यांशी नजरभेट असे रकाने होते. कोणाच्या घरातला उच्चार? आणि नजरभेट कशी ठेवू, मला तर प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांकडं बघावं लागतं.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिप्रथेचं विध्वंसन या भाषणात माणसामाणसांतल्या विषमतेची तीन कारणं मांडलीत. एक, जन्मानं आलेलं शरीर. दोन, समाजाकडून आणि घराकडून मिळालेला वारसा, म्हणजे शिक्षण, पैसा, ओळखीपाळखी. तीन, माणसाचा स्वतःचा प्रयत्न. ते म्हणतात की प्रयत्नाच्या बाबतीत माणसांना कमीजास्त वागवणं एक वेळ समजता येईल. पण पहिल्या दोन बाबतींत तसं वागवलं तर निवड लायकांची होत नाही, सवलत घेऊन जन्मलेल्यांची होते. दुसऱ्या कारणावर आपल्याकडं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पहिल्या कारणाजवळ आपण थांबलोच नाही. शरीर हा शब्द त्यांनी लिहून ठेवलाय, आणि आपण तो ओलांडून पुढं गेलो. त्यांनी त्याच भाषणात असंही मांडलं की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, एकावर एक रचलेली. ग्रुप प्रेझेंटेशनमध्ये कोण बोलणार, कोण टाइप करणार, कोण चहा आणणार हे कुठल्याही वर्गात उभे राहून बघा. इंग्रजी शाळेतला बोलतो. टाइप कोण करतं तेही बघा.

दुसऱ्या सत्रात गट पाडायची वेळ आली तेव्हा ओळखीची पोरं आपापली जुळली आणि शेवटी पाच जण उरले. मी. नंदुरबारकडची एक आदिवासी मुलगी, तिची घरची भाषा पावरी, मराठी तिनं आश्रमशाळेत शिकलेली. एक मित्र रात्री सिक्युरिटीची ड्यूटी करून सकाळी वर्गात झोपणारा. एक ताई, लग्न झालेली, पोराला शाळेत सोडून येणारी. आणि पाचवा तोच मघाचा मित्र, त्याचं आधीच्या गटाशी वाजलं म्हणून आमच्यात आला. उरलेल्यांचा गट. गावकुसाबाहेरचे म्हणा. विषय आला १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी.

इथं एक खरं भांडण झालं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात कुणी दुष्ट नव्हतं. मी म्हटलं, मी बोलणार. तो मित्र म्हणाला, "बोल ना. पण हिशेब कर. प्रत्येकाला तीन मिनिटं. तुला पाच लागतात. प्रश्न तुला लिहून द्यायचे, त्यात दोन मिनिटं. आमचे मुद्दे कापायचे. मार्क सगळ्यांचे जाणार. तुझ्यावर अन्याय झाला, कबूल. पण तो मी भरून द्यायचा का? तुझा बाप एस.टी.त क्लार्क आहे. माझा बाप गटारात उतरतो."

माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. दयेला उत्तर देणं सोपं असतं, हिशेबाला अवघड. त्याचे मार्क गेले तर त्याची शिष्यवृत्ती जाते, ही गोष्ट माझ्या स्वाभिमानापेक्षा हलकी आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पुष्कळ दिवस विचार केल्यावर मला असं दिसतं. तो म्हणतो ते अर्धं खरं आहे. माझं देणं त्याच्यावर नाही. पण माझी तीन मिनिटं ही त्याची मिळकतही नाही, की त्यानं ती काटकसरीसाठी कापावी. ज्याच्यावर देणं आहे तो आमच्या भांडणात हजरच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्थेनं वाजवी सोय करून द्यावी असं आहे. अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत, त्या जागेवर मी आत आलो. २०२१ साली विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा हक्क मान्य केला आणि वाजवी सोय ही मेहेरबानी नाही हे बजावलं. लेखी परीक्षेसाठी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आहे. पण पंधरा मिनिटांच्या प्रेझेंटेशनला जादा मिनिटं कोण देणार? आमच्या विभागानं तो प्रश्न गटाच्या गळ्यात टाकला आणि सरळ सांगितलं, तुम्ही आपसात ॲडजस्ट करा. म्हणजे सोय संस्थेनं करायची ती गटारात उतरणाऱ्याच्या पोराच्या मार्कांतून वसूल करायची. मग तो माझ्यावर चिडणार आणि मी त्याच्यावर, आणि विभागाची खुर्ची मजेत. उरलेल्यांना उरलेल्यांशी लढवायची ही जुनीच रीत. त्या कायद्यातही एक शब्द आहे, सोय अशी हवी की तिचं बेसुमार ओझं पडू नये. ओझं! कुणावरचं ओझं ते नीट वाचलं तर संस्थेवरचं आहे. पण खाली येता येता ते ओझं म्हणजे मी होतो.

वाट त्या मुलीनं दाखवली. ती सहसा बोलत नाही. तिची आजी दुष्काळात खडी फोडायला होती, सुकडी खाऊन दिवस काढलेली. आजी सांगायची की माप टोळीचं व्हायचं, मुकादम टेप लावून खडी मोजायचा आणि मजुरी टोळीला. पण टोळीत एक म्हातारी पाणी पाजायला असायची आणि एक जण झाडाखाली पोरं सांभाळायची. त्यांनी एक दगड फोडला नाही तरी मस्टरवर त्यांचं नाव असायचं आणि मजुरीही मिळायची. ती म्हणाली, "पाणी पाजणारीला कुणी फुकट खाते असं म्हणत नव्हतं. पाणी नसलं तर खडी कोण फोडणार?"

नाव तिथंही टाकलेलंच, आणि नाव इथंही टाकलेलं. पण तिथं कामाची गरज कबूल करून टाकलेलं होतं. म्हातारीला गप्प बसवण्यासाठी नव्हे.

आम्ही मग मांडणीच बदलली. एका वेळी एकानं बोलायचं हा नियम गटाच्या बैठकीतही. व्हॉइस मेसेज बंद. बोलणं लिहून दाखवणारं मोबाईलवरचं ॲप लावून बघितलं. प्रमाण मराठी ते बरी लिहितं, त्या मुलीचं बोलणं लागलं की काहीबाही छापतं. ते बाजूला ठेवलं आणि सिक्युरिटीवाला मित्र प्रश्न लिहून घ्यायला माझ्याशेजारी बसला. त्याचं अक्षर रजिस्टर भरून भरून सुरेख झालंय. आणि विभागाकडं आम्ही पाच सह्यांचा अर्ज दिला: जादा पाच मिनिटं गटाला द्या, एकट्या मला नको. उच्चाराचा रकाना पाचही जणांसाठी काढा. त्या मुलीची मराठी आणि मित्राचा न माझ्याबरोबर त्याच अर्जात घातला. पाचव्या मित्रानं सही करायला दोन दिवस घेतले. केली.

बुद्धाकडं वळलो तर तिथंही मला गुळगुळीत उत्तर मिळत नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. विनयपिटकात महावग्गात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची यादी आहे, तीत लंगडे, आंधळे, मुके, बहिरे आहेत. आपण बावीस प्रतिज्ञा म्हणतो, ही यादी म्हणत नाही. पण त्याच परंपरेत खुज्जुत्तरा आहे. पाठीला कुबड, जन्म दासीचा, राणी सामावतीची फुलं आणणारी. ती बुद्धाचं प्रवचन ऐकून येई आणि राजवाड्यातल्या बायकांना जसंच्या तसं सांगे. सांगताना तिला उंच आसनावर बसवून राणी खाली बसे. बहुश्रुत उपासिकांमध्ये ती पहिली मानली गेली, आणि इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या आठवणीतून आला अशी परंपरा आहे. तिच्या कुबडाचं काय करायचं हा प्रश्न त्या बायकांनी आधी सोडवला नाही. आधी आसन दिलं.

आणि राहता राहिला आवाज. बोललं तरच माणूस हजर, असं मी तरी का धरून बसलोय, असा सवाल ताईनं मला केला. मी अजून त्याच्याशी झगडतोय. १९३६ चं ते भाषण लाहोरला व्हायचं होतं. बोलावणाऱ्या मंडळाला मजकूर झेपला नाही, त्यांनी कार्यक्रम रद्द केला, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. ते कुणीच ऐकलं नाही. मी जसं वाचलं तसंच तुम्हीही वाचलंत.

आमचं प्रेझेंटेशन येत्या गुरुवारी आहे. अर्जाला उत्तर आलेलं नाही. पहिली तीन मिनिटं त्या मुलीची, दुसरी माझी. मित्राची बुधवारी रात्रपाळी आहे, तो सरळ ड्यूटीवरूनच येणार. तुमच्यापैकी कुणी विभागात येणार असाल तर पुढच्या बाकावर, खिडकीच्या समोर बसा, आणि प्रश्न कागदावर लिहून द्या.